सुटून आलेला माणूस

'आमच्या आळीतला एक जण आठ वर्षं तुरुंगात काढून परत आलाय. माझ्या किराणा दुकानात हाताखाली माणूस हवाय आणि तो काम मागायला आला होता. ठेवावं का त्याला?'

हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. घरमालकाला खोली द्यावी की नाही हे कळत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला वॉचमन नेमायचा असतो, एखाद्या आईला मुलांनी त्याच्या अंगणात खेळायला जावं का, अशी धाकधूक असते. भीती खरी असते आणि तिला हसण्यात अर्थ नाही. पण भीतीपोटी निर्णय घेण्याआधी सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते नीट समजून घेतलेलं बरं. माझं मत आधीच सांगतो. तो पुन्हा वाकड्या वाटेला जाणार की नाही, हे एकट्या त्याच्या स्वभावावर ठरत नाही. सुटल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत डोक्यावर छप्पर, हाताला काम आणि विचारपूस करणारं एखादं माणूस मिळतं का, यावरही ते तितकंच ठरतं. आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

१. सुटतं कोण?

तुरुंगातून आलेला म्हणजे गुन्हा शाबित झालेला, अशी आपली समजूत असते. ती बहुतेक वेळा चुकीची असते.

कारागृहात मुख्यतः दोन प्रकारचे लोक असतात. खटला अजून चालू आहे किंवा उभाही राहिलेला नाही, ते न्यायाधीन बंदी. बोलीभाषेत 'कच्चे कैदी'. न्यायालयानं दोषी ठरवून शिक्षा सुनावली, ते सिद्धदोष बंदी म्हणजे 'पक्के कैदी'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतले तीन! तुरुंगांची एकूण क्षमता होती ४,३६,२६६. म्हणजे फक्त कच्च्या कैद्यांनीच जवळपास सगळे तुरुंग भरले असते.

तेव्हा तुमच्या आळीत परतलेला माणूस जामिनावर सुटलेला असेल, निर्दोष सुटलेला असेल किंवा शिक्षा पूर्ण करून आलेला असेल. तिघांची कायद्यातली स्थिती वेगळी आहे. गावाच्या नजरेत मात्र तिघंही 'जेलमधून आलेले'. दोन वर्षं आत काढून निर्दोष सुटलेल्या माणसाची नोकरी, खोली आणि अब्रू गेलेली असते आणि ती भरून देण्याची काही ठरलेली सोय नाही. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

२. जामीन मिळतो, पण दार उघडत नाही

समजा, बीडकडचा एक मजूर पुण्यात बिगारी काम करताना चोरीच्या गुन्ह्यात धरला गेला. तीन महिन्यांनी न्यायालयानं पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला. आपण म्हणतो, सुटला. पण आता जामीनदार हवा. जामीनदाराकडे सात-बारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, रेशन कार्ड यांतलं काहीतरी लागतं, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. याच्या ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच, बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे. जामीनदार मिळत नाही आणि जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो.

यावर सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी काही सूचना दिल्या. जामिनाचा आदेश कारागृहाला ई-मेलनं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचला पाहिजे. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीला तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्या कैद्याचा दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. शिक्षा भोगून झाली, पण दंडाचे पैसे नाहीत म्हणून आणखी काही महिने आत, अशीही माणसं असतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक प्रकरणं चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. कायदा चांगला आहे. घरच्यांना तो ठाऊक नसतो, ही अडचण.

३. बाहेरची पहिली संध्याकाळ

सुटका पुष्कळदा संध्याकाळी होते. कागदपत्रं तपासून, नावानिशी खात्री करून, आत जाताना जमा केलेल्या वस्तू परत देऊन माणसाला बाहेर सोडतात. हातात एक पिशवी. घरचं कुणी घ्यायला आलं असेल तर ठीक. नसेल तर शेवटची एसटी निघून गेलेली असते आणि पाकीट जवळपास रिकामं. जवळच्या मोबाइलचा चार्ज कधीच संपलेला आणि सिमही बंद पडलेलं. बायकोचा नंबर पाठ होता, पण तिनं दरम्यान नंबर बदलला. अशा वेळी त्याच्यासमोर पहिला कोण येतो, याला फार महत्त्व आहे. आतल्या ओळखीचा कुणी गाडी घेऊन उभा असेल तर माणूस त्याच्या मागे बसतो. त्यात नवल काय? दुसरं कुणी आलेलंच नसतं.

पायाचं हाड मोडलं की डॉक्टर प्लास्टर घालतात. दीड-दोन महिन्यांनी ते काढलं की आतला पाय काडीसारखा झालेला दिसतो. हाड जुळलेलं असतं, पण स्नायू काम विसरलेले असतात. त्या पायावर लगेच धावायला सांगितलं तर माणूस पडणारच. लांबच्या कैदेनंतर मनाचं असंच होतं. आत उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, बराकीत बंद होण्याची वेळ, सगळं दुसरा ठरवतो. सकाळ-संध्याकाळ गिनती होते. रात्रभर दिवा चालू असतो. काय खायचं, कुठे जायचं, किती खर्च करायचा, हे ठरवण्याची सवयच मोडते. बाहेर आल्यावर हॉटेलात मेन्यू कार्ड हातात दिलं तरी गोंधळ उडतो. अंधारात झोप लागत नाही, रस्ता ओलांडताना छाती धडधडते. आठ वर्षांपूर्वी आत गेलेल्याला चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड का लावलाय, ते कुणीतरी समजावून सांगावं लागतं. घरचे म्हणतात, 'हा नुसता बसून राहतो, आळशी झालाय.' तो आळस नसतो. त्याला सावकाश चालवावं लागतं.

४. घर

घर त्याच्यासाठी थांबलेलं नसतं. वकिलाची फी, कोर्टाच्या तारखा, तुरुंगातल्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, येण्या-जाण्याचं भाडं यांत घरच्यांनी दागिने मोडलेले असतात आणि वर कर्ज काढलेलं असतं. पन्नास हजार रुपये शेकडा पाचच्या दरानं खासगी सावकाराकडून घेतले, तर महिन्याचं व्याज अडीच हजार आणि वर्षाचं तीस हजार. तीन वर्षांत व्याजच नव्वद हजार होतं आणि मुद्दल जागच्या जागी. सुटलेला माणूस घरी येतो तेव्हा दारात हा सावकार उभा असतो. लवकर पैसा हवा म्हटल्यावर जुनी वाट डोळ्यांसमोर येते. पुन्हा गुन्ह्याकडे वळण्यामागे वाईट चालीपेक्षा हा हिशेब कितीदा तरी मोठा असतो.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं कारागृह विभागासोबत १ मे २०२२ रोजी येरवड्यात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली, तिचं मोल इथे कळतं. आतल्या बंद्याला कुटुंबाच्या गरजेसाठी ७ टक्के व्याजानं ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं आणि ते त्याच्या तुरुंगातल्या कमाईतून फिटतं. त्याच पन्नास हजारांवर वर्षाचं व्याज फार तर साडेतीन हजार. एरवी ज्याला कुणी दारात उभं करणार नाही, त्याच्या मेहनतीवर एका बँकेनं विश्वास टाकला.

मुलांचं काय होतं, ते आपल्याला सहसा दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत कारागृहात राहू शकतं. त्याहून मोठी मुलं आजीकडे, मामाकडे वाढतात. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून पालक तुरुंगात असलेल्या मुलांसाठीही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, पण अर्ज कुणीतरी करावा लागतो. मूल दोन वर्षांचं असताना गेलेला बाप ते दहा वर्षांचं झाल्यावर परततो आणि 'पप्पा' म्हणून हाक येण्याची वाट बघत बसतो. हक्क गाजवायला गेला की मूल आणखी दूर जातं. राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्यात बंदी आपल्या मुलांना जाळीआडून न भेटता जवळ घेऊन भेटतात. या भेटी वरचेवर व्हायला हव्यात, कारण घरी परतण्याची तयारी तिथूनच सुरू होते. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे आपण ज्यांना फर्लो आणि पॅरोल म्हणतो, त्यांचाही उपयोग हाच. वर्षातले काही दिवस घरी राहून आलेल्या माणसाला शेवटची सुटका परकी वाटत नाही.

बायकांचा वनवास याहून मोठा. नवरा तुरुंगात असला तर बायको डबा आणि कपडे घेऊन वर्षानुवर्षं मुलाखतीला येते. बायको आत असली तर नवरा फारसा फिरकत नाही. सुटल्यावर सासर दार लावून घेतं आणि माहेरी भावजय म्हणते, 'लोक काय म्हणतील?' अशा स्त्रीला पहिल्या रात्रीसाठी सुरक्षित निवारा मिळणं, ही तिच्या पुनर्वसनातली पहिली आणि सगळ्यात अवघड पायरी असते.

आणि ज्याचं नुकसान झालं, त्याचं घरही त्याच गावात असतं. त्यांच्या दारावरून सुटलेला माणूस रोज जाणार असेल, तर त्यांच्या जखमेवरची खपली रोज निघते. काही वेळा त्यानं दुसऱ्या गावी बस्तान बसवणं दोन्ही घरांच्या भल्याचं असतं. कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा काढावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सांगितलं होतं. पुनर्वसनाची बाजू घेणाऱ्यांनी पीडितांचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं पाहिजे, नाहीतर ही बाजू लंगडी पडते.

५. काम

आता किराणा दुकानदाराच्या प्रश्नाकडे येऊ.

मोठ्या कारागृहांत विणकाम, सुतारकाम, शिलाई, बेकरी असे कारखाने असतात. माणूस उत्तम खुर्ची विणायला शिकून बाहेर येतो. पण बाहेर यंत्र नाही, भांडवल नाही आणि मालकाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही: 'मधली सहा वर्षं कुठे होतास?' खरं सांगितलं तर काम जातं, खोटं सांगितलं तर पुढे कधीतरी उघड होऊन जातं. त्यात पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की विषयच संपतो.

कायदा इतका ताठर नाही. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उमेदवारानं खटल्याची माहिती लपवू नये. मालकानंही गुन्ह्याचं स्वरूप, कामाचं स्वरूप आणि सगळी परिस्थिती पाहून ठरवावं. परिवीक्षा कायदा, १९५८ नुसार चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून दिलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये लिहिलेलं आहे. मतदानाचंही तसंच. बंदी आत असेपर्यंत मत देऊ शकत नाही, पण बाहेर आला की त्याचा हा हक्क शाबूत असतो. शिक्षा झालेल्याचं मत कायमचं जातं, असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही.

दुकानदाराला मी तीन गोष्टी विचारायला सांगेन. गुन्हा कोणता होता? देऊ केलेल्या कामाशी त्याचा संबंध आहे का? आणि आता हा राहतो कुणाकडे? गल्ल्यावर हात मारलेल्याला पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवू नये, हे व्यवहाराचं शहाणपण आहे. पण तोच माणूस माल उतरवणं, पुड्या बांधणं, घरपोच डिलिव्हरी ही कामं नक्की करू शकतो. मजुरी आठवड्याला द्यावी, महिन्याला नको, कारण पहिल्या महिन्याचं भाडं आणि किराणा त्याला आजच भागवायचा असतो. कोर्टाच्या तारखेला सुट्टी द्यावी. आणि गिऱ्हाइकांसमोर त्याचा इतिहास सांगू नये. मालकानं एवढं सांभाळलं तर माणूस टिकतो.

सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण तेलंगणात आहे. तिथल्या कारागृह विभागाच्या पेट्रोल पंपांवर बंद्यांबरोबर सुटून आलेल्यांनाही नोकरी दिली जाते. गिऱ्हाईक गाडीत तेल भरून, सुटे पैसे घेऊन निघून जातं. सिंगापूरनं २००४ मध्ये 'यलो रिबन' नावाची मोहीम सुरू केली. मालक, शेजारी, नातेवाईक अशा सगळ्यांना त्यांनी या कामात ओढलं आणि तुरुंगातच कौशल्य शिकवून सुटण्याआधीच नोकरी जुळवण्याची सोय केली. नव्वदीच्या अखेरीस तिथे सुटल्यापासून दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात जाणाऱ्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांवर होतं. अलीकडे ते पंचवीसच्या आत आहे. याचं सगळं श्रेय एका मोहिमेला देता येणार नाही, पण दिशा स्पष्ट दिसते.

६. जन्माआधीच लागलेला डाग

काही समाजांना तुरुंगात जाण्याआधीच गुन्हेगार ठरवलं गेलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि सबंध जमातींना जन्मापासून संशयित केलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागोमाग आले आणि नजरा बदलल्या नाहीत. पारधी वस्तीतला माणूस सुटून आला तर गाव म्हणतं, 'हे असंच असतं.' परिसरात चोरी झाली की पहिली गाडी त्याच्याच पालासमोर थांबते. त्यानं काम धरावं कसं? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कारागृहातल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाच्या तरतुदी रद्द केल्या. बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही बजावलं. हा निकाल पोलीस ठाण्यापर्यंत पोचायला हवा.

७. आटपाडीजवळची वसाहत

विश्वास टाकला तर काय घडतं, हे बघायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याच काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत वसवली गेली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची त्यामागे प्रेरणा होती. तिथे उंच भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांतले कैदी माळरानावर शेती करायचे आणि कुटुंबासह राहायचे.

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावर बेतलेला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर त्याच मुलखातले. चित्रपट पाहिलेले लाखो, पण ती वसाहत सांगली जिल्ह्यात अजून चालू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. बंदी सकाळी शेतावर जातात, संध्याकाळी आपल्या घरात येतात, बायको-मुलं सोबत असतात. पळून जाणं अवघड नाही, तरी ही रीत टिकून राहिली. शिक्षेच्या अखेरच्या वर्षांत ज्याला रोज स्वतःच्या पायावर उभं राहायला मिळतं, त्याला सुटकेचा दिवस धक्क्यासारखा येत नाही. महाराष्ट्रात येरवडा, पैठण अशी इतर खुली कारागृहंही आहेत. त्यांच्यातल्या जागा वाढवणं मला नव्या उंच भिंती बांधण्यापेक्षा अधिक गरजेचं वाटतं.

८. मदत कुठे मिळते?

महिला व बालविकास विभागाकडे प्रत्येक जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी असतो. सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनासाठी राज्याची अर्थसाहाय्य योजना आहे. तिची चौकशी त्याच्याकडे करावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कारागृहात आणि बाहेर काम करतो. त्याचे समाजकार्यकर्ते बराकीत जाऊन कच्च्या कैद्यांना भेटतात, घरच्यांना शोधून काढतात, वकील मिळवून देतात, आणि सुटल्यावर निवारा, प्रशिक्षण, काम यांची सांगड घालून देतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं खातं या तीन कागदांवाचून कोणतीही योजना पुढे सरकत नाही, म्हणून पहिला आठवडा बहुतेक वेळा रांगांत जातो. शिकलेल्या शेजाऱ्यानं त्या आठवड्यात त्याच्यासोबत दोन खेटे घातले, तरी फार मोठं काम होतं.

तुमच्या ओळखीत कुणी आत असेल, जामीन मंजूर होऊनही अडकलं असेल किंवा नुकतंच सुटून आलं असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्या कुणालाही, तसंच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. जाणं जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा.